तो जिताडा, ती जिताडा

मुंबईहून अलिबागकडे जाणारी बहुतेक माणसे समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. आम्ही चौघे मात्र पिठोरी अमावास्येच्या उधाणाला पोयनाडहून आत वळलो आणि शहापूर-धेरंडच्या खारभूमीतून धरमतरच्या खाडीवर गेलो, ते केवळ जिताडा हा खाडीतला मासा गळाने पकडण्यासाठी. मुक्कामाची खोली दमट होती, पहिला दिवस पावसाने वाया गेला आणि जेवण मात्र दोन्ही दिवस उत्तम मिळाले. यापलीकडे त्या दोन दिवसांतले फारसे काही मला आठवत नाही. आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा, दुपारी चारच्या सुमाराचा जेमतेम अर्धा तास.

उधाणाची भरती दुपारी एकच्या सुमारास संपली आणि सुकती लागली. अशा वेळी कांदळवनात शिरलेले पाणी लहान लहान ओहळांतून खाडीत परत येते आणि त्याच्याबरोबर कोळंबी व बोयटेही बाहेर येतात. जिताडा त्या ओहळाच्या तोंडाशी, एखाद्या बुडालेल्या खोडाच्या आडोशाला, दबा धरून असतो. त्याला भक्ष्यामागे लांबवर धावण्याची गरज पडत नाही. तो जबडा इतक्या झटक्याने उघडतो की समोरचे पाणी भक्ष्यासकट आत ओढले जाते, आणि त्याचा ‘धप्प’ असा जाड आवाज शांत खाडीत बराच लांब ऐकू येतो. हा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो गळ टाकायला पुन्हा पुन्हा खाडीवर जातो. माझे तरी गेली नऊ वर्षे तसेच झाले आहे.

रेवसच्या बाजूला, खाडीच्या तोंडाकडे, आमच्यापैकी एकाच्या लूरवर, म्हणजे गळाच्या कृत्रिम आमिषावर, तो आवाज झाला. मासा दोनदा पूर्ण पाण्याबाहेर उसळला, डोके झाडून त्याने गळ सोडवण्याचा प्रयत्न केला, आणि नंतर सरळ खांबांच्या दिशेने धावला. पंधरा मिनिटांनी तो होडीच्या कडेला आला, तेव्हा गळाजवळची जाड तंगूस हाताला खरखरीत लागत होती. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. आणखी दोन मिनिटे गेली असती, तर दोरी तुटलीच असती. लांबी एकशे दोन सेंटीमीटर, वजन साडेबारा किलो.

पुढे जे घडले, ते लिहिण्यासाठीच मी हा मजकूर लिहीत आहे. सहल आखणाऱ्यांनी ‘पकडा आणि सोडा’ असे आम्हाला स्पष्ट सांगितले होते आणि म्हणूनच आम्ही त्यांची निवड केली होती. परंतु त्यांच्या माणसाने मासा जबड्यात अडकवलेल्या काट्यावर उभा टांगला, वजन केले, मग प्रत्येकाच्या हातात देऊन छायाचित्रे काढली आणि एक छायाचित्र हलले म्हणून तो पुन्हा टांगायला लावला. एवढ्या वजनाचा मासा उभा टांगला की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही माझी पाळी आली, तेव्हा मी तो हातात घेतला आणि हसून उभा राहिलो. त्याच वेळी माझ्या मनगटावर काहीतरी ओले, बारीक, रव्याच्या कणांसारखे चिकटले. पाहिले तर पारदर्शक दाणे होते. ती अंडी होती.

होडीवरचे नाखवा, आगरी बोलणारे साठीचे गृहस्थ, तोवर एक शब्दही बोलले नव्हते. ते उठले आणि म्हणाले, “माय हाय ती. पान्यान ने तिला, दादा.”

मराठीत जिताडा हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि आयुष्याच्या पहिल्या भागापुरता तो अगदी बरोबर आहे. हा मासा बहुधा नर म्हणूनच वाढतो, तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजननात भाग घेतो, आणि पुढे साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात त्याची मादी होते. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो, आणि मादी होण्याआधी ती वर्षानुवर्षे जाळी, गळ आणि पाग यांतून निसटलेला नर असते. मोठी मादी एका हंगामात लाखो, कधी कोट्यवधी अंडी घालते. ती अंडी जगण्यासाठी खारे पाणी लागते. म्हणून गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढलेले हे मासे पावसाळ्यात खाडीच्या तोंडाकडे येतात, आणि आम्ही नेमके तिथेच, नेमक्या त्याच दिवसांत गळ टाकून बसलो होतो. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात नदी-समुद्रातली ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान बारामुंडी जशी ठेवता येत नाही, तशीच १२० सेंटीमीटरपेक्षा मोठीही ठेवता येत नाही. लहान माशाला वाढू द्यावे, हे आपल्याकडे सर्वांना पटते. मोठ्याला सोडावे, हे सांगायला गेले की लोक आश्चर्याने पाहतात.

मी होडीच्या मागच्या बाजूने कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. एक हात तिच्या पोटाखाली आणि एक शेपटीच्या मुळाशी ठेवून तिचे तोंड प्रवाहाकडे धरले. सुरुवातीला हात जरा सैल केला की ती कुशीवर कलत असे. कल्ले उघडत होते, पण फार सावकाश, आणि दोन उघडझापांमध्ये इतका वेळ जाई की मी आपोआप आकडे मोजू लागलो. नाखवांनी वल्ह्याने होडी तशीच धरून ठेवली होती. बारा मिनिटांनी तिने शेपटी एकदाच माझ्या मनगटावर आपटली आणि गढूळ पाण्यात ती दिसेनाशी झाली. पुढे ती जगली की नाही, ते कळण्याचा मार्ग नाही.

संध्याकाळी शहापूरच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. तिथे भाताच्या शेतालगत तळी आहेत आणि खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले त्यांत वाढवण्याची रीत जुनी आहे. चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले, त्यामुळे आता बीज विकतही मिळते. पण या आजोबांची भिस्त अजून खाडीवरच होती. भरतीच्या पाण्याबरोबर पिल्ले उघाडीच्या, म्हणजे खारबांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी येतात, तिथून ती ते धरून आणतात. पूर्वी एका भरतीला हंडा भरत असे, आता चार-चार फेऱ्या माराव्या लागतात, असे ते म्हणाले.

त्यांनी तळ्यावर विजेरी धरली. पाण्यात जोडीजोडीने तांबूस ठिपके चमकले. ते जिताड्यांचे डोळे होते, सगळे वर्ष-दीड वर्षाचे, सगळे अजून नर. मी दुपारच्या मादीबद्दल सांगितले, लांबी सांगितली, अंड्यांबद्दलही सांगितले.

“सोरलीस ना?” त्यांनी विचारले.

“सोडली,” मी म्हणालो. ती आधी किती वेळ टांगलेली होती, ते मी त्यांना सांगितले नाही.