वांगं परत द्यायचं असतं

परवा शाळेत एका मॅडमनी विचारलं, तुम्ही ऑइलमध्ये काम करता ना, मग एवढुशीच चित्रं का काढता हो, सहा इंच बाय सहा इंच, लावा की एकदा चांगला मोठा कॅनव्हास. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं, जागा नाही, रंग महाग झालेत वगैरे. खरं कारण सांगायला जरा लाज वाटली. खरं कारण म्हणजे वांगं परत द्यायचं असतं.

सांगते. आमचं घर सांगलीत गावभागात, जुनं, आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. सकाळी साडेसातला ऊन ओट्याशेजारच्या टेबलावर येतं आणि नऊ वाजले की ते सरकत सरकत फ्रिजवर चढतं. नऊलाच आई (म्हणजे सासूबाई) भाजी चिरायला बसतात. माझी शाळा दुपारची, त्यामुळे मधला हा दीड तास माझा. माझा म्हणजे कसला, टेबल घरातलं, वांगं आईंचं, ऊन सूर्याचं, सगळी उसनवारीच. त्यात जेवढं होईल तेवढं, आणि त्यात सहा बाय सहाच होतं. सुरुवातीला हौसेनं बारा बाय सोळाचा बोर्ड लावला होता एकदा, देठ झाला, अर्धं पोट झालं आणि तोवर मॉडेल मसाला भरून कढईत गेलेलं.

मी ड्रॉइंग टीचर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ज्यांनी वस्तुचित्र काढलंय त्यांना माहिती असेल, बादली, तांब्या, एक कांदा, खाली घडी पडलेलं कापड. वर्षानुवर्षं पोरांना तेच शिकवून मला स्वतःला त्याचा इतका कंटाळा आला होता की घरी कांदा दिसला तरी त्याला शेडिंगच दिसायचं, कांदा नाही दिसायचा. मग एका सुट्टीत नेटवर बघता बघता ड्युएन कायझर नावाच्या अमेरिकन पेंटरची चित्रं सापडली. या माणसानं डिसेंबर २००४ मध्ये रोज एक छोटं चित्र काढून ते इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, पोस्टकार्डाएवढं, विषय म्हणजे समोर दिसेल ते. त्याचं बघून जगभर कितीतरी जण असं करायला लागले. मला रोजबीज काही जमत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. आठवड्यात तीन झाली तरी मी खूश असते, आणि परीक्षांच्या दिवसांत शून्य.

दुसरा माणूस मोरांडी, हाही चित्रकार. इटलीतल्या बोलोन्याचा, १८९० चा जन्म, १९६४ ला गेला. आयुष्यभर तेच तेच, बाटल्या, बरण्या, डबे, फुलदाण्या, इकडची बाटली तिकडे आणि तिकडची इकडे. बाटल्या चमकू नयेत म्हणून तो त्यांना चक्क रंग फासायचा, वर धूळ बसली तर बसू द्यायचा. हे मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, घरात बाईमाणूस नव्हतं का? खरं तर होतं, बहिणी होत्या त्याच्या, पण त्या खोलीतली धूळ कुणी पुसत नसावं. मी आमच्या फडताळातला एक पितळी डबा असाच धूळ खात ठेवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी चिंच लावून लख्ख घासलेला मिळाला. मग मी लख्ख डबाच काढला. त्यात उलटी खिडकी आणि मी दिसत होते, बरं झालं ते चित्र.

आणि तिसरं म्हणजे औंध. आपल्याकडचे लोक लांब लांबची म्युझियम बघून येतात पण सातारा जिल्ह्यातलं औंध बघितलेलं नसतं, मला याचा भयंकर राग येतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, १९३८ मध्ये त्यांनी तिथं म्युझियम उघडलं, राजा रविवर्म्याची ओरिजिनल तिथं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्पसुद्धा आहे, डोंगरावर, यमाईच्या गावात! शाळेची ट्रिप घेऊन गेले होते मी. पोरं आणि बाकीचे टीचर रविवर्म्याच्या बायकांचे चेहरे बघत होते आणि मी नाक लावून जरीचे काठ बघत बसले. लांबून वाटतं एकेक धागा विणलाय, जवळून बघितलं तर पिवळ्याचे चार फटके आणि मध्ये मातकट रंग तसाच सोडलेला. एवढंच. सोनं कुठंच नाही, आपला डोळाच ते सोनं करतो. शिपाईमामा दोनदा ओरडले, ताई मागं सरा.

आता काढते कशी ते. बोर्ड मी सुताराकडून एमडीएफचे कापून आणते, वर जेसोचे (म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वाळला की पॉलिश पेपर. रंग पांढराशुभ्र ठेवत नाही, बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा बोर्ड माखते आणि चिंधीनं पुसते, म्हणजे चहा सांडल्यासारखा रंग उरतो. पांढऱ्यावर काय लावलं तरी ते गडदच वाटतं, आणि मग माणूस घाबरून सगळंच फिकं रंगवतो. चपलेच्या खोक्याची एक बाजू कापून त्यात वस्तू ठेवते, म्हणजे उजेड एकाच बाजूनं येतो. यावर घरात भरपूर विनोद झालेत, भाजीला आता बाटाचं खोकं लागतं वगैरे, चालू द्या.

पेन्सिल नाही. डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे बारीकसारीक जातं आणि नुसता उजेड आणि अंधार उरतो. आधी सावली. सगळे आधी वांगं काढतात आणि मग खाली सावली जोडतात, मी पोरांना ओरडून ओरडून सांगते, अरे सावली पळती आहे, वांगं नाही पळत. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, दीड तासात सावली कुठल्या कुठं जाते. म्हणून साडेसातची सावली साडेसातलाच ठोकायची, नंतर ती कितीही हलली तरी तिच्याकडे बघायचं नाही.

वांग्याला काळा रंग लावायचा नाही. माझ्याकडे काळ्याची ट्यूबच नाहीये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळलं की काळ्याच्या जवळचं मिळतं, त्यात अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल घातला की वांगं. आपल्या कृष्णाकाठच्या वांग्यांची गंमत अशी की ती दुकानातल्या प्लास्टिकसारख्या जांभळ्या वांग्यांसारखी नसतात, आमच्या भाजीवाल्या मावशी देतात त्यांच्या अंगावर हिरवट पांढरे फराटे असतात आणि देठाला काटे. ते फराटे ओल्या रंगात, एकाच झटक्यात, ब्रशवर दाब कमी करत न्यायचे. दुसऱ्यांदा हात फिरवला की चिखल. आणि चकाकी पांढरी नसते बरं का, निळसर असते, कारण ते खिडकीतलं आभाळ आहे. हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दिसलं, त्याआधी वीस वर्षं मी वांग्यांवर पांढरे ठिपके देत होते.

द्राक्षांचं तर वेगळंच प्रकरण. तासगावची द्राक्षं फेब्रुवारीपासून घरात येतात, आणि मला वाटायचं वांग्यासारखंच, उजेडाची बाजू उजळ, पलीकडची गडद. तसं करून बघितलं तर हिरव्या गोट्या झाल्या. तीन बोर्ड वाया. मग एक मणी खिडकीत धरून बघत बसले, तर दिसलं की उलटंच आहे! उजेड जिथून आत शिरतो तिथं एक बारकी चकाकी, मध्ये बराच गडद, आणि पलीकडच्या बाजूला, जिथं सावली पाहिजे तिथं, मणी आतून पेटल्यासारखा पिवळा. उजेड आरपार जातो आणि पलीकडे साठतो. एकदा हे कळलं की द्राक्ष सोपं. उरतो तो वरचा पांढरट धूर. बोट लागलं की तो पुसला जातो, म्हणून द्राक्षं देठाला धरून मांडायची. तो धूर पांढऱ्यानं नाही, राखाडी निळ्यानं, जवळजवळ कोरड्या ब्रशनं नुसता टेकवायचा. आणि हे सगळं चालू असताना लेक येता-जाता एकेक मणी उचलत असते. माझ्या एका चित्रात अकरा मणी आहेत, सही केली तेव्हा ताटलीत चार होते.

हळदीचा किस्सा सांगितल्याशिवाय सांगलीचा चित्रकार कसला. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गेलात तर हवेतच हळद असते, हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. २०१८ ला आपल्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्या सुमारास मला जोर चढला होता, म्हटलं हळदीची सिरीज करायची. हळकुंड बाहेरून अगदी साधं, पॉलिश केलेलं असलं तरी मातकट पिवळं, यलो ऑकर आणि किंचित अंबर, झालं. पण मोडलं की आत केशरी, मेणासारखं, आणि तिथं कॅडमियमचा झगझगीत पिवळा-केशरी रंग लागतोच. कॅडमियमच्या ट्यूबची किंमत बघून हात आखडतो. मग डोक्यात किडा आला, हळदच का नको? चांगली घरची हळद जवसाच्या तेलात घोटली, असा रंग झाला म्हणून सांगू, दोन बोर्ड रंगवले. एक खिडकीच्या गजाला टेकवून वाळत ठेवला, एक कपाटात. ऑइल कलर वाळतो म्हणजे पाण्यासारखा उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. तर महिन्याभरानं कपाटातला होता तसा आणि खिडकीतला आजारी माणसासारखा फिका. मी तर रडायच्या बेतात. आई म्हणाल्या, अगं हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, हे मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का? आता कॅडमियमच आणते, गुपचूप.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या वाळताना गरम होतात आणि आपोआप पेटू शकतात, खरंच. मी दोरीवर सुट्या सुट्या पसरते. शेजारच्या काकूंना वाटायचं आमच्याकडे भांडी पुसायची फडकी एवढी घाण असतात.

२०१९ चा ऑगस्ट, महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. गावभागातल्या लोकांना त्याबद्दल आणखी काही सांगायला नको. आम्ही आईंना घेऊन बाहेर पडलो तेव्हा चित्रं आठवलीसुद्धा नाहीत. परत आलो तर शंभरच्या वर बोर्ड चिखलात. रंगाला काही झालं नव्हतं, ऑइल पाण्यात विरघळत नाही, पण खालचा एमडीएफ खारी बिस्किटासारखा फुगलेला, हातात घेतलं की पापुद्रे. डाळिंब होतं, त्याच्या मधोमध भेग. तेव्हा वाईट चित्रांचं वाटलंच नाही, आईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली होती, त्यांच्या लग्नातली, त्याचं वाटलं. त्या बरणीचं मी एक चित्र काढलं होतं आणि ते साताऱ्याला नणंदेकडे होतं म्हणून वाचलं. आईंनी तिला फोन करून सांगितलं, तेवढं आणून दे, नंतर परत देते. इतकी वर्षं झाली, अजून परत दिलेलं नाही. फडताळात जिथं बरणी असायची तिथंच उभं आहे.

आता मी बोर्ड माळ्यावर ठेवते. विकतेही अधूनमधून. एकानं विचारलं, एवढ्याशा चित्राला एवढे पैसे, इंचाचा काय दर पडतो? अडत्या असणार.

आज सकाळी परत वांगंच होतं, दोन, एक उभं आणि एक आडवं. आडव्याचा देठ छान आला, उभ्याच्या पोटात दोनदा हात फिरवला आणि चिखल झाला, पोरांना ज्यासाठी ओरडते तेच. पॅलेट नाईफनं खरवडून परत सुरू करणार तेवढ्यात नऊ वाजले. आई विळी घेऊन आल्या, चित्राकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आडवं वांगं उचललं आणि उभं तिथंच राहू दिलं. म्हटलं, अहो आई, दोन्ही घ्या, एकानं काय भाजी होणार. तर म्हणाल्या, राहू दे ते, मी बटाटा घालते. दहा वाजेपर्यंत दे पण.