अण्णा हसले

काल रात्री अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले आणि मला झोप नाही. वाचणाऱ्याला येडेपणा वाटेल, पण असंच झालंय.

चिरंजीवांनी सिम्पसन्स या अमेरिकन कार्टूनचा जुना एपिसोड लावला होता, 1990 चा, त्यातलं पोरगं बार्ट स्केटबोर्डवरून दरी पार करायची म्हणून हट्टाला पेटतो तो. अण्णा माळ घेऊन कोपऱ्यात. इंग्रजीशी त्यांचा संबंध बँकेच्या फॉर्मपुरता. तर बार्टचा बाप होमर समजावतो, ओरडतो, पोरगं काही ऐकत नाही, शेवटी म्हणतो थांब, मीच मारतो उडी, घरचं माणूस उगाच जीव धोक्यात घालतं तेव्हा बघणाऱ्याला कसं वाटतं ते कळू दे तुला. बार्ट रडतो, कबूल होतो, मिठ्या वगैरे, आणि तेवढ्यात होमरच्या पायाखालचा स्केटबोर्ड उताराला लागतो. गेला. खडकांवर आपटत आपटत तळाला. हेलिकॉप्टरने वर काढताना परत डोकं कड्यावर. अ‍ॅम्ब्युलन्स चार हात जाते न जाते तोच झाडावर आदळते, मागचं दार उघडतं, स्ट्रेचर बाहेर, बाप पुन्हा दरीत.

इथे अण्णा हसले. ठसका लागेपर्यंत. चष्मा काढून डोळे पुसले.

मी या माणसाला आजवर एकदाही हसवलेलं नाही. कॉलेजच्या नाटकात अख्खं सभागृह माझ्या एंट्रीला हसत होतं आणि हे पुढच्या रांगेत घड्याळ बघत होते. पुढे पुढे तर त्यांच्यासमोर जोक सांगायचंच सोडलं मी. आणि एक पिवळा टकल्या दरीत पडतो तर यांना आवरत नाही!

पण हसले नेमके कोणाला? बापाची जिरली म्हणून? अण्णा पोरांच्या बाजूने कधी होते? की होमरच्या जागी स्वतःला बघितलं, एवढं करून शेवटी हाडं आपलीच मोडतात म्हणून? की मला हसले? होमर चाळिशीच्या आतबाहेर इतकी वर्षं तसाच अडकलाय, ढेरीही सेम. रात्रभर हेच.

हे कार्टून काढणारा तो मॅट ग्रोनिंग तरी भारी. त्याच्या खऱ्या वडिलांचं नाव होमर, ते सरळ कार्टूनला देऊन टाकलं, आई मार्गारेटची मार्ज झाली, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव मात्र पोराला दिलं नाही, तिथे बरोबर बार्ट घातला. माझी तर मोबाईलमध्ये अण्णांचं नाव सेव्ह करायचीसुद्धा हिंमत नाही, 'अण्णा' एवढंच आहे.

आधीच्या एपिसोडमध्ये होमरने बार्टचा गळा धरला तेव्हा मी आणि चिरंजीव हसलो, अण्णा पाणी प्यायला आत गेले. तांब्या शेजारीच होता. असो. 2023 मध्ये होमरच एका एपिसोडमध्ये म्हणालाय की मी आता तसं करत नाही, काळ बदलला. होमरच्या बापाचा, एब आजोबांचा तो एपिसोड मात्र लावू नको म्हणून चिरंजीवांना बजावलंय, म्हातारा स्वतःचं घर विकून होमरला घराला पैसे देतो आणि हा 3 आठवड्यांत त्याला वृद्धाश्रमात पोचवतो. हसायचंच आहे तिथे. तरी नको.

तर कालचं राहिलंच. एपिसोडच्या शेवटी हॉस्पिटलात होमर शेजारच्या खाटेवरच्या स्टंटवाल्याला सुनावतो, स्वतःला लय डेरिंगबाज समजतोस काय, माझी पोरं वाढवून दाखव. चिरंजीवांनी आजोबांना मराठीत समजावून सांगितलं. अण्णांनी माळ थांबवली, माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, "आम्ही दोन वाढवली" म्हणाले आणि परत सुटले.

म्हणजे मलाच. ठीक आहे. डायलॉग होमरचा असला तरी ढेरी माझी होती, थोडं क्रेडिट मी घेणार.

सकाळी धाकट्याला फोन करून सांगितलं. "अण्णा? आपले अण्णा?" मग व्हिडिओ का नाही काढलास म्हणून माझ्यावरच डाफरला. दोनमध्ये तोही येतो हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही, मीही सांगितलं नाही.