तुम्ही विचारलंत म्हणून: रातोस दे पोराओ घरापेक्षा बाहेर का गाजले?

सेपुल्तुरा हा गाजलेला हेवी मेटल बँड सोडून ब्राझीलचं काय ऐकू असं कुणी विचारलं की मी रातोस दे पोराओ सांगतो, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेलाच. एवढा भारी बँड आहे तर ब्राझीलमधल्या साध्या माणसाला त्यांचा जाडा गायक टीव्हीवरून माहीत असतो, गाणी मात्र माहीत नसतात, आणि जर्मनीतला एखादा पंक रॉक ऐकणारा अल्बमची नावं धडाधड म्हणून दाखवतो, असं का? पिकतं तिथं विकत नाही म्हणून विषय संपवता येतो खरा, पण एवढ्यावर भागत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. बँड साओ पावलोचा, सुरुवात 1981ची, म्हणजे ब्राझीलमध्ये लष्करी राजवट अजून चालू होती, ती गेली 1985मध्ये. गिटारवाला झाओ पहिल्यापासून आहे, गायक झुआओ गोर्दो थोडा नंतर आला. 1984मध्ये पहिला अल्बम 'क्रुसिफिकादोस पेलो सिस्तेमा', गाणी बहुतेक मिनिटभराची, आवाज खरखरीत, निव्वळ हार्डकोर पंक, म्हणजे पंकचा आणखी वेगवान, आणखी रागीट प्रकार. इथपर्यंत साओ पावलोच्या पंक पोरांना ते आपले वाटत होते.

मग यांना मेटलची चटक लागली. तेव्हा हे बऱ्याच ठिकाणी चाललं होतं, अमेरिकेत डी.आर.आय. या बँडने 1987मध्ये अल्बमचं नावच 'क्रॉसओव्हर' ठेवलं. म्हणजे पंकचा वेग आणि राग तोच, पण गिटार थ्रॅश या वेगवान मेटलसारखी, तारा तळहाताने दाबून कापत जाणारी, आणि मध्येच वेग उतरवून असा जड रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, टाकायचा की खाली स्टेजसमोरच्या पिटमध्ये लोकांनी एकमेकांवर आदळावं. रातोसचा त्याच वर्षीचा 'कादा जिया माइस सूजो ए आग्रेसीवो' ऐका, लगेच कळेल. तो काढला बेलो ओरिझोंचीच्या कोगुमेलोने, जे सेपुल्तुराचे सुरुवातीचे रेकॉर्ड काढत होते, म्हणजे लेबलसुद्धा मेटलवाल्यांचं. झालं, पंकवाले म्हणाले गद्दार. आणि मेटलवाल्यांना हे अजून पंकच वाटत होते. दोन्हीकडून शिव्या. माझ्या मते घरी हात बांधले गेले ते इथेच, बाकी कारणं नंतरची.

बाहेर हे भांडण बरंचसं शिळं झालं होतं. डचांच्या रोडरनर लेबलने यांना घेतलं, त्याच लेबलवर 1989मध्ये सेपुल्तुराचा 'बिनीथ द रिमेन्स' आला आणि त्याच वर्षी रातोसचा 'ब्राझील'. तो रेकॉर्ड झाला बर्लिनमध्ये, हॅरिस जॉन्सकडे, हा तोच माणूस ज्याने क्रिएटर या मेटल बँडचा 'प्लेझर टू किल' आणि व्हॉइव्हॉड या दुसऱ्या मेटल बँडचा 'किलिंग टेक्नॉलॉजी' केला. फरक कानाला लगेच कळतो. आधीच्या रेकॉर्डवर ड्रम आणि गिटार एकमेकांत कालवलेले असायचे, इथे बास वेगळा ऐकू येतो, गिटार धारदार, आणि गोर्दोचं ओरडणं सगळ्याच्या वर, एकेक शब्द थुंकल्यासारखा. असं रेकॉर्डिंग हातात असलं की युरोपातल्या दुकानदाराला आणि झीनवाल्याला, म्हणजे चाहत्यांची छोटी मासिकं काढणाऱ्याला, हे कुठल्यातरी लांबच्या देशाचं कौतुक म्हणून ठेवावं लागत नाही, क्रिएटरच्या शेजारी ठेवता येतं.

आणि आत काय आहे तर नखशिखांत ब्राझील. 'आमाझोनिया नुंका माइस' जंगलतोडीवर, आणि लक्षात घ्या, रबर कामगारांचे नेते शिको मेंदेस यांचा खून डिसेंबर 1988मधला, म्हणजे विषय अगदी ताजा होता. 'प्लानो फुरादो II' सरकारच्या फसलेल्या आर्थिक योजनांवर. तिथे तेव्हा महागाई इतकी की सुपरमार्केटमधली पोरं हातात लेबल मारायचं मशीन घेऊन सकाळच्या किमतीवर नवीन किंमत चिकटवत फिरायची, 1986मध्ये चलन बदललं, 1989मध्ये परत बदललं, 1990मध्ये पुन्हा. अशा देशात बँड चालवायचा म्हणजे बघा, आयातीवर निर्बंध, बाहेरची गिटार-अँप सोन्याच्या भावाने. मग रेकॉर्डिंगला बर्लिन गाठलं आणि युरोपात टूर केल्या तर त्यात परदेशाचं वेड वगैरे काही नाही, तिथे काम नीट होत होतं, एवढं सरळ आहे.

रोडरनरने 'ब्राझील'ची इंग्रजी आवृत्तीपण काढली. मला ती जमत नाही. तेच रिफ, तोच वेग, पण गोर्दो इंग्रजीत ओरडताना सावध वाटतो, आणि सावधपणा या संगीताला अजिबात मानवत नाही. मी तर आजपर्यंत कुणालाच पोर्तुगीज येत नाही म्हणून हा बँड सोडताना पाहिलं नाही, राग कळायला डिक्शनरी लागते का?

आता टीव्हीचं. नव्वदच्या दशकात गोर्दो एमटीव्ही ब्राझीलवर आला आणि तिथेच जमला, नंतर त्याचा 'गोर्दो अ गो-गो' वगैरे शो. तोंडाळ, विनोदी, पाहुण्यांची सालं काढणारा. त्यामुळे देशभरात चेहरा पोचला पण बँडचा नाही, माणसाचा. जुन्या पंकवाल्यांना तर गद्दार म्हणायला आणखी एक कारण मिळालं. मला यात काही गैर वाटत नाही, भाडं कुणालाच चुकत नाही, आणि तो टीव्हीवर असताना बँड बंद पडला नाही हे लोक विसरतात. 1998मध्ये सेपुल्तुराच्या 'अगेन्स्ट'मधलं 'रेझा' गायलाय तोच, 2000मध्ये पहिला अल्बम नव्याने वाजवून 'सिस्तेमादोस पेलो क्रुसिफा' नावाने काढला. आता तर तो वीगन आहे आणि यूट्यूबवर 'पानेलासो' नावाचा स्वयंपाकाचा शो करतो, त्यामुळे नवीन पिढीतल्या काहींना तो कढईवाला काका म्हणूनच माहीत असेल.

पण 2022चा 'नेक्रोपोलीचिका' लावा. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो आणि कोविडचा काळ, आणि साठीला टेकलेला माणूस 'ब्राझील'इतकाच चिडलेला. मधल्या काळातलं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, 'जस्ट अनदर क्राइम'मध्ये इंग्रजी फार आहे आणि तो मी क्वचितच लावतो.

सुरुवात कुठून करू असं विचाराल, तर 'ब्राझील', पोर्तुगीज आवृत्ती, इंग्रजीवाली चुकून घेऊ नका. त्यातलं 'बेबेर आते मोरेर' आवडलं तर मागे 1987च्या अल्बमवर जा, आणि नाही आवडलं तर बाकीचंही आवडणार नाही, उगाच वेळ घालवू नका.