ओडी थांबेना म्हणून मी पोरीवर ओरडलो

बेळगावातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. जुलैतली गोष्ट, बाहेर पाऊस धो धो, खानापूरकडची निम्मी पोरं आलीच नव्हती. एमेस्सीच्या प्रॅक्टिकलला ई. कोलाय ह्या जिवाणूचा डीएनए-ए ४६ म्युटंट, म्हणजे एका जनुकात बदल झालेला वाण, होता. हा ३० डिग्रीला मस्त वाढतो, ४२ला ह्याचं डीएनए-ए प्रोटीन बिघडतं आणि डीएनएची नवी कॉपी काढायला सुरुवातच होत नाही. फ्लास्क ४२च्या वॉटर बाथमध्ये ठेवायचा, दर २० मिनिटांनी ओडी घ्यायची, म्हणजे द्रव किती गढूळ झालाय ते मोजायचं; जिवाणू वाढले की ती चढते. मी फळ्यावर आधीच लिहून मोकळा, "ओडी थांबेल".

थांबेना. एक तास झाला तरी चढतीच.

"सर, वाढायलंय की अजून," फ्लास्क सांभाळणारी पोरगी म्हणाली.

मी थर्मामीटर बघितला, ४२ बरोबर. मग म्हटलं कंटॅमिनेशन, म्हणजे दुसरेच जंतू शिरलेत, नाहीतर हिनं फ्लास्कच बदलला असणार, आणि सगळ्यांसमोर बोललो, जर्नलचं पान फाड आणि परत पहिल्यापासून कर. "मी चुकलो काय सर?" एवढंच बोलली, डोळ्यात पाणी.

कंटॅमिनेशन सापडेल म्हणून मीच स्लाइड केली, मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली धरली आणि गप्पच बसलो. ३० डिग्रीच्या फ्लास्कमध्ये आखूड दांड्या, आणि ह्यात शेवयांसारखे लांबच लांब धागे! जिवाणू वाढतायत पण नीट तुटत नाहीत, आणि ओडीला काय, लांबी वाढली तरी ती चढणारच.

चूक फळ्यावर होती. डीएनए-ए म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर, त्याचं काम गाडी सोडण्यापुरतं. एटीपी हा ऊर्जेचा रेणू धरलेले डीएनए-ए ओरीसी नावाच्या साधारण २४५ अक्षरांच्या जागेवर एकमेकांना धरून बसतात, तिथली दुपदरी दोरी उसवतात, मग डीएनए-सी हे प्रोटीन दोरी पुढं उसवत जाणाऱ्या डीएनए-बी हेलिकेजला आणून त्यात बसवतं आणि गाडी सुटते. नंतर कंट्रोलर आजारी पडला तरी खानापूर रोडला लागलेली गाडी थोडीच थांबते, ती ४६ लाख अक्षरं पुरी करूनच थांबणार. ३७ डिग्रीला ह्याला ४० मिनिटं लागतात, आणि चांगलं खायला मिळालं तर पेशी २० मिनिटांत दुभंगते, म्हणजे पहिली गाडी पोचायच्या आत दुसरी सुटलेली असते. हे मी दरवर्षी शिकवतो हो, पण फळ्यावर लिहिताना कुठं गेलं होतं कोण जाणे.

मग तिनंच विचारलं, कंट्रोलर धडधाकट असला तर तो सारख्याच गाड्या का सोडत नाही? खरी मजा तिथंच आहे. कॉपी सुरू झाली की सेक-ए हे प्रोटीन नव्या, अर्धवट मिथाइल लागलेल्या (म्हणजे जुन्याच पदरावर मिथाइलची रासायनिक खूण असलेल्या) ओरीसीवर बसून काही वेळ दारच लावून घेतं. आणि कॉपी काढणाऱ्या पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी जी क्लॅम्पची कडी असते तिला एचडीए नावाचं प्रोटीन चिकटतं, दोघं मिळून डीएनए-एच्या हातातला एटीपी मोडायला लावतात. म्हणजे सुटलेली गाडीच कंट्रोलरची शिट्टी काढून घेते.

पाच वाजता फ्लास्क परत ३०ला ठेवला. आता अडकलेल्या सगळ्या एकदम सुटतील काय सर, म्हणाली. सुटतात, ह्या म्युटंटमध्ये तर गरजेपेक्षा जास्तच सुटतात. मग सही करायला जर्नल मागितलं तर सकाळचे सगळे आकडे जागच्या जागी, पान फाडलंच नव्हतं तिनं.