कर्णा आणि काळे बॉक्स

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा रात्रभर रंगणारा सामना, ऐकावी ती लाऊडस्पीकरच्या कर्ण्यावरच, असं मानणारी माणसं आमच्या देवगड-मालवणकडे अजून शिल्लक आहेत. मी त्यांतलाच एक. हल्ली जत्रेत स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे स्पीकरचे काळे बॉक्स उभे राहतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूवर थाप पडली की खुर्चीचे पाय हलतात. छातीत धडधडतं. बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण चणेवाल्याच्या गाडीपर्यंत मागे गेलात की बुवा काय म्हणाले ते कळेनासं होतं, नुसतं धूम् धूम् येत राहतं. आणि डबलबारीत बुवा काय म्हणाले यातच तर सगळी गंमत! समोरच्या बुवाला हाणलेला टोमणा ऐकू आला नाही, तर रात्र जागवायची कशाला?

आमचा माईकवाला हे एका वाक्यात सांगतो: "बॉक्स नाचाक बरो. ऐकाक कर्णोच व्हयो."

बॉक्समधला कागदी कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, मोकळ्या हवेला ढकलतो. हवा हलकी, ती बाजूला सरकते आणि बराचसा जोर फुकट जातो. शंभर वॉट वीज घातली तर आवाज होऊन बाहेर पडतो जेमतेम एखादा वॉट, बाकीची सगळी उष्णता. कर्ण्यात मागच्या बाजूला युनिट असतं आणि त्यातला पडदा तळहाताएवढाही नसतो. पण त्याच्यापुढे चिंचोळा गळा असल्यामुळे हवा दाबली जाते आणि पडद्याला ढकलायला काहीतरी हाती लागतं. मग रुंदावत जाणारी नळी तो दाब बेताबेताने बाहेरच्या हवेच्या हवाली करते. खाडीपलीकडच्या तरवाल्याला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, ते याचसाठी.

म्हणून लाईट गेली तरी गाडीच्या बॅटरीवर चालणारं आवाज वाढवणारं चाळीस वॉटांचं मशीन आणि माडाला बांधलेले दोन कर्णे अख्ख्या वाडीला पुरतात. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा हा गुण लहान समजू नये.

पावसाळ्यानंतर माईकवाला कर्णे साफ करायला घेतो तेव्हा जरूर बघावं. बाहेरून सरळ वाटणारं ते भांडं आतून दुमडलेलं असतं. आवाज मधल्या नळीतून पुढे येतो, आतल्या टोपीवर आपटून मागे वळतो आणि पुन्हा फिरून तोंडातून बाहेर पडतो. लांब नळी आखूड जागेत बसवायची ही युक्ती. त्या वळणांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले असतात. तो काडीने माती उकरतो, फुंकर मारतो आणि माईकपुढे "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतो. त्याच्या दृष्टीने सर्व्हिसिंग झालं.

आता कर्ण्याचा दोष. तो नाकात बोलतो. खालचे सूर त्याला झेपत नाहीत, कारण सूर जितका खालचा तितकी लाट लांब, आणि तितकं मोठं तोंड हवं. 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची, लाट साडेतीन मीटरांच्या आसपास असते. तिला नीट बाहेर काढायचं तर कर्ण्याचं तोंड मीटरभर रुंद लागेल. माडावरचा कर्णा 300 हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. पखवाजाची ती कणकेची बाजू तो गिळून टाकतो आणि शाईच्या बाजूचं टणटणणं तेवढं पोचवतो. पण शब्दांची धार, क, च, ट, स यांचे कंगोरे असतात दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे कर्ण्याचा हात धरणारा कोणी नाही.

घरात ऐकायलाही कर्णे बांधणारे शौकीन आहेत. अमेरिकेत पॉल क्लिप्श या इंजिनिअरने 1940 च्या दशकात असा स्पीकर काढला, की तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि दोन भिंतींनाच कर्ण्याचं तोंड करायचं. म्हणजे खालचे सूरही आले! एका वॉटला मीटरभर अंतरावर तो सुमारे 105 डेसिबल देतो. साधा घरगुती स्पीकर 85 च्या आसपास. हे वीस डेसिबल भरून काढायला शंभरपट वीज लागते. पडद्याला फार हलावं लागत नाही, म्हणून झांजेचा आघात तिथे न फाटता, अंगावर आल्यासारखा येतो. आमच्या मातीच्या घरात असे काटकोनी कोपरे कुठून आणायचे, हा प्रश्न वेगळा.

आणि ज्या काळ्या बॉक्सपुढे कर्ण्याला जुनाट ठरवतात, त्याची जाळी काढून बघा. वरच्या भागात बहुतेक वेळा एक बुटका कर्णाच बसलेला असतो, चढे सूर फेकायला. खालचं धूम् कोनाकडे, बोल कर्ण्याकडे, अशी वाटणी. मग मागच्या माणसाला शब्द का कळत नाहीत? कारण बटणं फिरवणाऱ्या पोराला धूमच आवडतं.

रात्री मतलई सुटली की कर्ण्याला आणखी बळ येतं. वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, वर वाऱ्याचा वेग जास्त असल्याने त्याच्या दिशेला जाणारा आवाज खाली वाकतो आणि पाण्याला धरून लांब पोचतो. दमट हवा चढे सूर कोरड्या हवेइतके खात नाही. परीक्षेचं पोर घरात असलेल्या कुणीतरी ओरडून कर्णा समुद्राकडे फिरवायला लावलेला असतोच. तेव्हा देवळामागच्या घरांना काही नीट कळत नाही, पण किनाऱ्याजवळ जाळी टाकून बसलेल्यांना शब्द न् शब्द मिळतो. सकाळी लिलावाला गेलं, की सुरमईचा भाव सांगायच्या आधी ते कुठला बुवा कुठे अडकला ते सांगतात.