भारत दुसऱ्या जगात नेण्यासाठी जोडपत्र 'अ'

संपूर्ण भारत एका रात्रीत पृथ्वीवरून नाहीसा होऊन राजेरजवाड्यांच्या आणि ड्रॅगनांच्या जगात जाऊन पडतो, अशा कल्पनेवर मी सध्या कादंबरी लिहीत आहे. एक अख्खे आधुनिक राष्ट्र परक्या जगात नेण्याचा हा प्रकार जपानी लेखकांनी चांगलाच रुजवला आहे आणि त्यांच्या कथांत पहिली धावपळ अन्नासाठी होते, कारण उष्मांकांच्या हिशेबाने जपानची स्वयंपूर्णता ४० टक्क्यांच्याही खाली आहे. ही आकडेवारी तिथले कृषी मंत्रालय दरवर्षी जाहीर करते, त्यामुळे तिकडच्या लेखकाला ती घरबसल्या मिळते.

आपले गणित वेगळे आहे. गहू-तांदूळ आपल्याकडे मुबलक आहे. पण कच्चे तेल ८५ टक्क्यांहून अधिक आणि पोटॅश हे खत जवळजवळ सगळे आपण बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत तेलसाठ्यांची एकत्रित क्षमता ५३.३ लाख टन आहे, म्हणजे देशाच्या भुकेपुढे ती फार दिवस पुरणारी नव्हे. थोडक्यात, धान्य गोदामात असेल, पण ते हलवायला डिझेल नसेल. माझी कथा याच पेचावर उभी असून ती एका जिल्ह्याच्या पुरवठा विभागातून सांगितलेली आहे. म्हणूनच त्या जिल्ह्याच्या शासकीय गोदामांत एका ठरावीक तारखेला किती धान्य होते, हे मला नेमके हवे होते.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायचे ठरवले. तो भरण्यात काही विशेष नाही. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयासाठी एवढे पुरते. प्रश्न मात्र कागदावर असलेल्या गोष्टीचाच विचारावा. 'जहाजे बंद झाली तर धान्य किती दिवस पुरेल?' हे विचारण्याचा मोह मी टाळला, कारण 'तर'ची उत्तरे देणे कायद्याने माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ३१ मार्चची अखेरची शिल्लक आणि मासिक नियतन, म्हणजे दरमहा वाटपासाठी मंजूर होणारे धान्य, एवढेच मागितले. भागाकार मला येतो.

तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा पत्र आले: 'सदर माहिती आपणास कोणत्या प्रयोजनासाठी हवी आहे याचा खुलासा करावा, त्यानंतर पुढील कार्यवाही करण्यात येईल.' हे वाचून माझा जो संताप झाला तो आजही पुरता शमलेला नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारताच येत नाही, आणि म्हणूनच जोडपत्र 'अ' मध्ये कारणाचा रकानाच नाही. मी तसे लेखी कळवले. त्यावर उत्तर आले नाही. प्रत्यक्ष गेलो, तर संबंधित लिपिक म्हणाले, "अहो, कारण लिहून द्या ना, दोन ओळींचं काम आहे. आम्हालाही वर सांगावं लागतं." ते सौजन्याने बोलत होते, म्हणून अधिकच चीड आली. दोन ओळींत खरे कारण लिहिले असते, तर तो अर्ज त्या कार्यालयात कोणकोणत्या टेबलांवर करमणुकीसाठी फिरला असता, याची मला पूर्ण कल्पना होती. (पत्राचा लिफाफा फेकू नये, त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून अपिलाची मुदत सिद्ध करता येते.)

अखेर २० रुपयांचा स्टँप लावून प्रथम अपील केले. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्यावर असते, हे वाक्य मी अपिलातच लिहून ठेवले होते आणि प्रत्येकाने ते लिहावेच. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी पत्र पाहिले, कलम पाहिले आणि फाईल बाजूला ठेवून विचारले, "आता मी अधिकृतपणे विचारत नाही, पण हे कशासाठी?" मी सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग तिकडे रेशन दुकानातलं पीओएस मशीन कसं चालणार?" हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यावर आता कादंबरीत एक पूर्ण प्रकरण आहे.

आदेशानुसार माहिती विनामूल्य मिळाली, कारण मुदत उलटल्यावर शुल्क घेता येत नाही. साठा नोंदवहीच्या छायाप्रतींत आरंभीची शिल्लक, आवक, वितरण, तूट आणि अखेरची शिल्लक असे रकाने होते. पन्नास किलोच्या कट्ट्यांचे आकडे हाताने लिहिलेले, आणि एका ओळीत तुटीचा आकडा खोडून वर नवा घालून बाजूला आद्याक्षरी केलेली. तो खोडलेला आकडा मी कथेतल्या गोदामपालाला जसाच्या तसा देऊन टाकला आहे. रेशनवर प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय शिधापत्रिकेला ३५ किलो, या हिशेबाने माझ्या जिल्ह्याची मुदत आता ठरली आहे आणि दुसऱ्या जगातल्या राजाशी करार त्याआधीच व्हायला हवा.

अजून एक राहिले: शक्य असेल तर अर्जातच कागदपत्रांच्या पाहणीची मागणी करावी, छायाप्रतीत शाईचे रंग दिसत नाहीत आणि दुरुस्ती कुठे केली हे मूळ वहीतच कळते. पोटॅशच्या आयातीची आकडेवारी केंद्राच्या अहवालांत छापलेली असल्यामुळे तिच्यासाठी अर्ज करावा लागला नाही.