वेंगुर्ल्याच्या अक्षांशावरचा दुसरा समुद्र

नकाशात कोकणातल्या माझ्या वेंगुर्ल्यावर बोट ठेवून ते सरळ पश्चिमेकडे नेले, तर अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक महासागर आणि मध्य अमेरिकेची चिंचोळी पट्टी ओलांडून ते मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील प्वेर्तो एस्कोंदिदो या गावाशी येऊन टेकते. दोन्ही गावे जवळजवळ एकाच, म्हणजे १५.८६ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहायला आल्यावर ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तेव्हापासून, कधीही न भेटलेल्या नातेवाइकाबद्दल वाटावे तसे कुतूहल मला या गावाबद्दल वाटत होते. २०२४ मध्ये मेक्सिकोच्या क्रांतिदिनाची सुट्टी १८ नोव्हेंबरला, सोमवारी आली. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मी विमानात बसले आणि साधारण तासाभरात समुद्रसपाटीवर उतरले.

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच अंगाला चिकटलेली दमट हवा ओळखीची होती. माड, जास्वंद, कुंपणावरून रस्त्यावर ओसंडलेली बोगनवेल, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली कुत्री हे सगळेही ओळखीचेच होते. चुकत होती ती दिशा. समुद्राकडे तोंड केले की समोर पश्चिम, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून पक्के बसलेले असते. वाहाकाचा किनारा मात्र दक्षिणेकडे तोंड करून पसरलेला आहे, त्यामुळे दोन दिवस मी प्रत्येक पत्ता चुकीच्या हाताला शोधत राहिले.

सर्फिंग करणाऱ्यांच्या जगात हे गाव ज्यामुळे प्रसिद्ध आहे, तो सिकातेलाचा किनारा पाहायला शनिवारी उजाडताच गेले. सकाळीच का जायचे, याचे उत्तर आपल्या शाळेच्या भूगोलात आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि चढत्या लाटेला समोरून टेकू देऊन तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत ठेवतात. दुपारी खारे वारे सुटले की तीच लाट विस्कटते. साडेसहाच्या सुमारास वाळूवर बसले तेव्हा माझ्या आधी येऊन बसलेले पंधरा-वीस जण होते. काहींच्या कॅमेऱ्यांना हातभर लांबीची भिंगे होती आणि सगळे देवळात बसावे तसे गप्प होते.

समुद्र बराच वेळ काहीही करत नाही. मग क्षितिजाजवळ एक गडद रेघ दिसते, ती जवळ येते, आणि किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, आता ही विरून जाणार असे वाटत असतानाच, पाणी एकदम भिंतीसारखे उभे राहते. भिंतीचा माथा पुढे कलंडतो आणि आत एक पोकळ बोगदा तयार होतो. एक मुलगा त्या बोगद्यात फळीवर गुडघे वाकवून उभा राहिलेला मी पाहिला. मग पाण्याचा पडदा पडला आणि तो दिसेनासा झाला. मनात तीनपर्यंत आकडे मोजून झाले तोच दुसऱ्या टोकाला तुषारांच्या फवाऱ्याबरोबर तो बाहेर आला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी फक्त एक निःश्वास सोडला. लाट फुटल्याचा आवाज कानाआधी बुडाखालच्या वाळूतून जाणवतो.

हा समुद्र माझ्या समुद्रापेक्षा इतका वेगळा का, याचे कारण पाण्याखाली आहे. कोकणच्या किनाऱ्यापुढे समुद्रबूड जमीन दूरवर उथळ पसरलेली आहे. लांबून आलेल्या लाटेची बरीच ताकद त्या तळाशी घासूनच संपते आणि आपल्या पायांपर्यंत तिचा मवाळ अवतार पोचतो. इथे मात्र ही उथळ पट्टी अगदी अरुंद आहे आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी मध्य अमेरिकेची खोल सागरी गर्ता गेलेली आहे. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात आणि वाटेत फारसा अडथळा नसल्याने सगळे बळ राखून शेवटच्या वाळूच्या बांधावर आदळतात. म्हणूनच इथला खरा मोसम मे ते ऑगस्ट असा मानला जातो. मी पाहिल्या त्या लाटा नोव्हेंबरच्या, म्हणजे इथल्या मापाने किरकोळ होत्या.

सिकातेलाला पोहू नये. तिथे लाल बावटे लावलेले असतात, जीवरक्षक शिट्ट्या वाजवत असतात, तरीही गुडघाभर पाण्यात काय होणार आहे, अशा समजुतीने उतरणारे लोक मी पाहिले. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला हा मोह अधिक होतो, हे मी स्वतःवरून सांगते. मी घोट्यापर्यंतच गेले होते. परतणाऱ्या पाण्याने पायाखालची वाळू अशी उपसून नेली, की मी सरळ बसकण मारली आणि मग मुकाट्याने मागे आले.

ज्याला स्वतः फळीवर उभे राहून पाहायचे आहे, त्याच्यासाठी कारिसालियो आहे. कड्याच्या पोटात दडलेली ही लहानशी खाडी असून खाली उतरायला दीडशेहून अधिक पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंच्या खडकांमुळे मोठ्या लाटा आत येईपर्यंत शांत होतात. शिकवणाऱ्या तरुणाने आधी मला वाळूवर पालथे झोपवून, हात टेकून एका झटक्यात उभे राहण्याचा सराव दहा-बारा वेळा करायला लावला. आजूबाजूची मुले मासे पाहावेत तशी मला पाहत होती. पाण्यात फळीचे शेपूट त्याच्या हातात होते. लाट आली की तो ‘रेमा, रेमा!’ म्हणजे ‘वल्हव, वल्हव!’ असे ओरडायचा आणि फळी ढकलून द्यायचा, मग ‘पाराते!’, म्हणजे ऊठ. पहिल्या आठ लाटांना मी उठण्याऐवजी पडले. नवव्या लाटेला उभी राहिले, आणि किनारा आपल्याकडे सरकत येतो आहे असे वाटण्याइतका, म्हणजे फार तर चार सेकंदांचा, वेळ उभी होते. त्या चार सेकंदांची किंमत म्हणून फळीच्या खरखरीत पृष्ठभागाने पोट आणि गुडघे सोलून निघाले. अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा सदरा घालून जावे, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. त्यानंतर त्या पायऱ्या पुन्हा चढायच्या असतात, हेही.

शनिवारची रात्र मी मानिआल्तेपेकच्या खाजणासाठी राखून ठेवली होती. गावाच्या पश्चिमेला साधारण पंधरा-अठरा किलोमीटरवर खारफुटीने वेढलेले हे मोठे खाजण आहे. त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे रात्री पाणी हलवले की ते निळसर उजळते. मी आनंदाने पैसे भरले, सात वाजता होडीत बसले, आणि होडी उघड्या पाण्यावर येताच खारफुटीच्या वरून ताटाएवढा चंद्र निघाला. सगळे खाजण चांदीसारखे चकाकू लागले. चमकत नव्हते ते फक्त जीवजंतू. सहल विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे खरे. पण आदल्या दिवशी त्रिपुरारी पौर्णिमा होती. घरच्या देवळात दीपमाळ लावल्याचा फोटोही मला आला होता आणि तो फोनवर पाहून, छान म्हणून, मी होडीचे पैसे भरले होते. त्यामुळे त्या माणसावर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही.

नावाडी मात्र जाणता निघाला. त्याने होडी एका अरुंद फाट्यात, खारफुटीच्या दाट सावलीत नेली आणि इंजिन बंद केले. तिथे हात बुडवून बोटे हलवली, तेव्हा प्रत्येक बोटामागे ठिणग्यांची एक बारीक शेपटी उमटली आणि हात बाहेर काढल्यावर मनगटावरच्या थेंबांत दोन-तीन निळे कण क्षणभर जिवंत राहिले. जायचे असेल तर अमावास्येच्या आगेमागे जावे, आणि जोरदार पाऊस होऊन गेल्यानंतर लगेच जाऊ नये, असे त्याने सांगितले. आईला फोनवर हकिगत सांगितली तर ती म्हणाली, “पुनवेच्या दुसऱ्या दिसा काळोख सोदूक गेल्लंस? धन्य तुझी!”

रविवारी सकाळी गावातल्या प्लाया प्रिन्सिपाल या मुख्य किनाऱ्यावर मासेमार परततात, ते पाहणे मला सिकातेलाइतकेच आवडले. आपल्याकडे होडी किनाऱ्याला लागली की दहा माणसे खांदा लावून ती वर ओढतात. इथे नावाडी दूरवर थांबून लाटेचा अंदाज घेतो, पुढची माणसे बाजूला झाली की इंजिन पूर्ण जोरात सोडतो, आणि होडी पाण्यातून उडाल्यासारखी निघून थेट कोरड्या वाळूवर चढून बसते. होडीच्या तळाशी ट्यूना होते, लाल तांबोशीसारखे ‘वाचिनांगो’ होते आणि अंगावर सोनेरी ठिपके असलेला ‘सिएरा’ होता. हा सिएरा आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ, एकाच प्रजातिगटातला. तुकडी पाडण्याची पद्धत वेगळी असली, तरी कल्ला उचलून ताजेपणा बघणारी बाई तीच होती, जी मला वेंगुर्ल्याच्या बंदरावर रोज दिसायची.

जेवायला वरच्या अंगाला असलेल्या बेनितो हुआरेस बाजारात जावे. किनाऱ्यालगतच्या खानावळींत समुद्राचे पैसे वेगळे लागतात. मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत शिजवून दळलेल्या पिठाच्या जाड मेमेला तव्यावर भाजून, वर घेवड्याचे वाटण आणि चीज घालून देतात. शाकाहारी मंडळींनी त्या वाटणात डुकराची चरबी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. बहुतेक वेळा असते. मी मासे खाणारी असल्याने पेस्कादिया घेतल्या. माशाचे मसालेदार सारण भरून, अर्धगोल दुमडून तळलेली मक्याची पोळी म्हणजे पेस्कादिया. दिसायला करंजी, आणि वर कोबी व झणझणीत चटणी. बरोबर चिंचेचे सरबत प्यायले. चिंच इथे इतकी मुरलेली आहे, की ती बाहेरून आली आहे हे विक्रेतीला पटले नाही.

ला पुंता या टोकाच्या वस्तीत दुपारी चक्कर मारली. तिथली लाट लांब आणि तुलनेने सौम्य आहे, पण वस्ती आता धूळ, मोठ्याने लावलेले संगीत आणि महागड्या कॉफीची झाली आहे. अर्ध्या तासात मी निघाले.

संध्याकाळी पाचला बाकोचोच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. ही ऑलिव्ह रिडले कासवे, आपल्या वेळास आणि वायंगणीच्या किनाऱ्यांवर येतात तीच. कोकणात मात्र ती एकेकटी येऊन अंडी घालतात, तर इथून पूर्वेला असलेल्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर, ओडिशाप्रमाणे, काही रात्रींत झुंडीच्या झुंडी वर चढतात. याच किनारपट्टीवर एकेकाळी कासवांची कत्तल हा उद्योग होता. मेक्सिकोने १९९० मध्ये कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि जवळच्या मासुंते गावात पुढे कासव संशोधन केंद्र उभे राहिले.

देणगी दिली की एका करवंटीत एक पिल्लू मिळते. त्याला हात लावायचा नसतो, कारण आपल्या हाताला उन्हाचे मलम लागलेले असते. माझे पिल्लू आगपेटीपेक्षाही आखूड होते, पाठीवर वाळूचे चार कण होते आणि करवंटीच्या भिंतीवर ते सारखे एकाच बाजूने चढू पाहत होते. वाळूत आखलेल्या रेषेमागे सगळ्यांनी करवंट्या कलत्या केल्या. पाण्यापर्यंतचे अंतर त्यांना स्वतःच कापू द्यायचे, म्हणजे या किनाऱ्याची खूण त्यांच्यात राहते, असे तिथल्या मुलीने समजावले. माझे पिल्लू एका पावलाच्या खळग्यात पडले, उलटले, सुलटले, आणि पहिल्या लाटेने त्याला परत माझ्याकडेच आणून सोडले. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसरी लाट ओसरली तेव्हा ओल्या वाळूवर ते नव्हते.

सोमवारी सकाळी वाहाका शहराला जाणाऱ्या गाडीत बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग खुला होण्यापूर्वी हा प्रवास सिएरा माद्रेच्या डोंगरांतून सहा-सात तासांचा होता, आणि त्याची वळणे अशी, की आंबोली घाट सपाट वाटावा. आता बोगदे आणि पूल ओलांडत तीन तासांत पोचता येते. वाहाकाला उतरून मेक्सिको सिटीची बस शोधताना पिशवीतून स्वेटर काढला, तर त्याच्या बाहीतून मूठभर वाळू फलाटावर पडली.